रोज संध्याकाळच्या दारूला मर्यादा घालताना

ज्यांचे दिवसभराचे काम व्यवस्थित चालते, जे सकाळी वेळेवर उठतात, कुणाशी भांडत नाहीत, आणि तरीही गेली काही वर्षे संध्याकाळचे साडेसात-आठ वाजले की ग्लास समोर आल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशा व्यक्तींसाठी हा लेख आहे. दारूविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर दोनच माणसे येतात: कधीमधी समारंभात घोटभर घेणारा, आणि पिऊन संसाराची धूळधाण केलेला. या दोघांच्या मध्ये असलेल्या, रोज साठ-नव्वद मिलीपासून क्वार्टरपर्यंत (१८० मिली) घेणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असे फारसे कुणी सांगत नाही. घरचे ‘सोडून द्या’ म्हणतात, मित्र ‘एवढ्याने काही होत नाही’ म्हणतात, आणि प्रमाण वर्षागणिक थोडेथोडे चढत राहते. रात्री आठ वाजता बाटलीसमोर बसून केलेला निग्रह सहसा टिकत नाही. टिकते ते दुपारी, शांत डोक्याने मोजून आणि ठरवून ठेवलेले. पुढची सगळी मांडणी या एका समजुतीवर उभी आहे. नीट मोजून आणि ठरवूनही जे पाळता येत नाही, ते पूर्ण सोडावे लागेल हेही त्याच मोजणीतून कळते.

आधी हे तपासावे

प्रमाण कमी करण्याचा मार्ग सर्वांसाठी नाही, आणि ज्यांच्यासाठी नाही त्यांनी तो एकट्याने चालू नये. सकाळी उठल्यावर हात थरथरणे, घाम सुटणे, मळमळणे, जीव घाबरा होणे आणि थोडी दारू घेतल्यावर हे सगळे थांबणे, ही शरीर दारूवर अवलंबून असल्याची खूण आहे. अशा व्यक्तीने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, भास, तीव्र अस्वस्थता अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल, भास झाले असतील, किंवा सकाळची दारू सुरू झाली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाला किंवा सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना भेटावे. दारू बंद केल्यानंतर फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पूर्ण बंदच ठेवावी. तेथे मर्यादेचा प्रश्न येत नाही. चालू औषधांचाही विचार आधीच व्हायला हवा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी दारू घेतली, तर रात्री रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि घरच्यांना ती नशाच वाटते. अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या वा चिंतेच्या गोळ्या दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. ‘मी रोज इतकी घेतो’ हे वाक्य आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना खऱ्या आकड्यासह एकदा सांगणे ही या वाटेवरची बहुधा सर्वांत अवघड, पण सर्वांत उपयोगाची पायरी आहे.

आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. तिचे गुण शून्य ते ४० असतात. आठ किंवा अधिक गुण म्हणजे पिणे धोक्याच्या पातळीवर गेले आहे, आणि २० किंवा अधिक म्हणजे अवलंबित्वाची शक्यता असल्याने तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक आहे, असा तिचा ढोबळ अर्थ आहे.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद

या दोन आठवड्यांत काहीही कमी करण्याचा प्रयत्न करू नये. एक छोटी वही घ्यावी आणि भांड्यांच्या दुकानात मिळणारे, एका बाजूने ३० आणि दुसऱ्या बाजूने ६० मिलीचे स्टीलचे माप विकत घ्यावे. घरी अंदाजाने ओतलेला पेग जवळजवळ नेहमीच मापाच्या पेगपेक्षा मोठा असतो, आणि ‘मी दोनच घेतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या दोन पेगांत पुष्कळदा तीन पेगांची दारू असते. रोज पुढील गोष्टी लिहाव्यात: पहिला घोट किती वाजता घेतला, एकूण किती मिली झाले, सोबत कोण होते, त्याआधीच्या तासाभरात काय घडले होते, पोटात काय होते, झोप कधी लागली, रात्री जाग आली का, आणि सकाळी कसे वाटले. दुसऱ्या दिवशी आठवून लिहू नये, ओततानाच लिहावे.

अशा नोंदीतून पिण्याचा आकृतिबंध दिसू लागतो. कुणाला कळते की महिनाअखेरीला, हिशेब मिळवण्याच्या दिवसांत प्रमाण दुप्पट होते. कुणाला कळते की शुक्रवारच्या बैठकीपेक्षा मंगळवारच्या एकट्याने घेतलेल्या दारूचे प्रमाण जास्त आहे. दुपारचे जेवण चुकलेल्या दिवशी हात बाटलीकडे लवकर जातो, हेही कुणाच्या ध्यानात येते. पुढचा सगळा आराखडा याच वहीवर बेतायचा असल्याने तिच्यात स्वतःशी लबाडी करू नये.

मिलीवरून ग्रॅमवर

व्हिस्की, बिअर आणि वाइन यांची तुलना ग्लासांच्या संख्येने होत नाही. त्यासाठी प्रत्येक पेयातील शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये काढावे. रीत सोपी आहे: मिलीचा आकडा बाटलीवरच्या टक्केवारीने गुणावा, शंभराने भागावे आणि आलेल्या उत्तराला ०.७९ ने गुणावे. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडका यांच्या बाटल्यांवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते. त्या हिशेबाने ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम, ६० मिलीत २० ग्रॅम आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे ६० मिलीच्या दोन मोठ्या पेगांइतके अल्कोहोल असते. पाच टक्क्यांच्या माइल्ड बिअरच्या तेवढ्याच बाटलीत ते सुमारे २६ ग्रॅम भरते. बारा टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलीत सुमारे १४ ग्रॅम येतात. ‘मी कडक सोडून बिअरवर आलो’ असे समाधानाने सांगणाऱ्याने आपण स्ट्राँगच्या दोन बाटल्या तर घेत नाही ना, हे तपासावे, कारण तसे असेल तर तो ९० मिलीवरून १८० मिलीच्याही पुढे गेलेला असू शकतो. गोव्याची काजू फेणीही हलकी समजू नये. तिची तीव्रता साधारण व्हिस्कीइतकीच असते.

वहीतले मिली असे ग्रॅममध्ये बदलून आठवड्याची बेरीज करावी. रोज एक क्वार्टर म्हणजे आठवड्याला सुमारे ४२५ ग्रॅम.

मर्यादा कोणती धरावी

पूर्णपणे निर्धोक असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तिच्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ पासून मद्याला निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या गटात ठेवले आहे. मर्यादा म्हणजे कमी धोका, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचनांनुसार आठवड्याला १४ युनिट, म्हणजे सुमारे ११२ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि तेही तीन किंवा अधिक दिवसांत विभागलेले असावे. आपल्या ६० मिलीच्या पेगात मोजले, तर हे आठवड्याला साडेपाच पेग होतात. कॅनडातील २०२३ चे मार्गदर्शन याहून कडक आहे: आठवड्याला दोन पेयांपर्यंत, म्हणजे सुमारे २७ ग्रॅमपर्यंत, धोका कमी मानला आहे. माझ्या मते रोज पिणाऱ्याने पहिल्या टप्प्यात आठवड्याला १०० ग्रॅमची वरची मर्यादा, एका दिवसात ६० मिलीची मर्यादा आणि आठवड्यातले किमान तीन दिवस पूर्ण कोरडे, एवढे साध्य करावे. त्यानंतर आणखी खाली जायचे की थांबायचे, हे ठरवावे. मर्यादेचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा. ‘थोडी कमी करेन’ या संकल्पाला आकडा नसतो, त्यामुळे तो मोडला हेही कळत नाही.

कमी करण्याचा क्रम

रोज ६० ते ९० मिली घेणाऱ्याने थेट कोरड्या दिवसांपासून सुरुवात करावी. मंगळवार, गुरुवार, संकष्टी किंवा एकादशी अशा कारणाने पुष्कळजण आधीच एखादा दिवस पाळत असतात. तो पाया धरून दुसरा दिवस जोडावा, आणि महिन्याभराने दोन कोरडे दिवस लागोपाठ आणावेत. लागोपाठच्या दुसऱ्या दिवशी सवयीची खरी ताकद कळते.

रोज क्वार्टर किंवा त्याहून अधिक घेणाऱ्याने मात्र क्रम उलटा ठेवावा आणि तोही डॉक्टरांना विचारूनच. आधी रोजचे प्रमाण दर आठवड्याला ३० मिलीने उतरवावे, म्हणजे १८० वरून १५०, मग १२०, मग ९०. ९० मिलीवर दोन आठवडे स्थिर राहिल्यावर कोरडे दिवस सुरू करावेत. उतरताना हात थरथरले, घाम सुटला किंवा छाती धडधडली, तर पुढची पायरी थांबवून डॉक्टरांना भेटावे. कोरड्या दिवशी वाचलेले प्रमाण दुसऱ्या दिवशी भरून काढण्याची मुभा या हिशेबात नाही.

घरातला साठा

या सगळ्यात सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे घरात शिल्लक दारू नसणे. ७५० मिलीची बाटली मिलीमागे स्वस्त पडते, म्हणून ती घरी येते, आणि कपाटात बाटली आहे हे माहीत असलेल्या माणसाला रोज रात्री तिच्याशी नव्याने वाद घालावा लागतो. महागात पडले तरी चालेल, पण त्या संध्याकाळी ठरवलेल्या प्रमाणाएवढीच, म्हणजे ९० मिलीची छोटी बाटली किंवा त्याहून कमी, घरी आणावी. भेट म्हणून आलेल्या बाटल्या घरात ठेवू नयेत. कोरड्या दिवशी सोडा, खारे शेंगदाणे, मसाला पापड हा सरंजामही नसावा, कारण मेंदू बाटलीइतकाच त्या सरंजामाला ओळखतो. वाइन शॉप कामावरून परतण्याच्या वाटेवर असेल, तर पहिला महिना वाट बदलावी, आणि फोनवर मागवण्याची सोय असेल तर तो क्रमांक आणि ते अॅप काढून टाकावे.

साडेसहा ते साडेनऊ

आपल्याकडे दारू जेवणाआधी असते आणि जेवण झाले की बैठक संपते. रोजच्या पिण्याची सगळी लांबी या एका रिवाजावर ठरते: जेवण जितके उशिरा, तितकी पिण्याची वेळ लांब. म्हणून कोरड्या दिवशी जेवण शक्यतो आठच्या आत उरकावे. भरल्या पोटी पिण्याची इच्छा पुष्कळ मंदावते, आणि वरण-भात जेवून झाल्यावर पुन्हा ग्लास भरणारे थोडे असतात. ज्यांचे दुकान रात्री दहाला बंद होते त्यांना हे जमणार नाही. त्यांनी डबा दुकानातच खावा आणि घरी पोटभर जेवूनच पोचावे.

त्याआधी, सहाच्या सुमारास, काहीतरी भरीव खावे. दुपारी एकला जेवलेला माणूस आठपर्यंत फक्त चहावर असेल, तर त्याला लागलेली भूकच दारूची ओढ होऊन समोर येते. पोहे, उपमा, उसळ, दोन उकडलेली अंडी, काहीही चालेल. हातात ग्लास असण्याची सवय असते, म्हणून ग्लास असावा, पण त्यात ताक, सोलकढी, कोकम सरबत किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी असावे. नेहमीच्या खुर्चीवर बसू नये; ज्या जागी वर्षानुवर्षे प्यायलो, ती जागा स्वतःच इच्छा जागवते.

तरीही इच्छा उसळेलच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी शिकवलेली पद्धत येथे उपयोगी पडते: ओढ लाटेसारखी चढते, माथ्यावर पोचते आणि ओसरते, म्हणून तिच्याशी झुंजण्याऐवजी ती शरीरात कुठे जाणवते आहे याकडे लक्ष देत ती ओसरू द्यावी. छातीत आहे, जिभेवर आहे, की हातांच्या चुळबुळीत आहे, हे पाहावे. घड्याळ लावून अर्धा तास थांबावे, आणि त्या वेळात आंघोळ करावी किंवा चालायला बाहेर पडावे. एकट्याने ठरवलेला व्यायाम बुडतो. बॅडमिंटनचा जोडीदार, भजनी मंडळ, मुलाचा अभ्यास असे दुसरे माणूस वाट पाहत असलेले काम त्या वेळेला जोडलेले बरे.

झोपेबद्दल एक सावधगिरीची सूचना. ‘झोप लागावी म्हणून घेतो’ असे म्हणणाऱ्यांची झोप दारूमुळे लवकर लागते हे खरे, पण तीच दारू रात्रीच्या उत्तरार्धात झोप तोडते आणि तीन-चारला डोळे उघडतात. प्रमाण कमी केल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस झोप उलट बिघडू शकते, आणि पुष्कळजण नेमके याच टप्प्यावर पुन्हा ग्लासाकडे वळतात. हे दिवस जातात. या काळात झोपेची गोळी मनाने घेऊ नये.

पिण्याच्या दिवशी

आधी पोटभर खावे, तहान पाण्याने भागवावी, मगच पेग मापाने ओतावा. माप झाल्यावर बाटली स्वयंपाकघरात ठेवून यावे. शरीर तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल बाहेर टाकते, म्हणून ६० मिलीला निदान दोन तास द्यावेत. शेवटच्या घोटाची वेळ घड्याळाने ठरवावी, जसे साडेनऊ. ‘हा संपला की बस’ ही अट ग्लासाच्या हातात असते. गाडी चालवायची असेल, तर घेऊच नये. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि ती एका मोठ्या पेगातही ओलांडली जाऊ शकते.

बैठक, गटारी आणि श्रावण

मित्रांच्या बैठकीत प्रमाण वाढते ते आग्रहाने वाढतेच, पण त्याहून अधिक वर्गणीच्या पद्धतीने वाढते. चौघांनी समान पैसे काढून बाटली आणली, की प्रत्येकाला आपला वाटा संपवावासा वाटतो. खाण्यासाठीचे पैसे द्यावेत आणि दारूच्या वर्गणीतून बाहेर राहावे. आपले पेय आपण आणावे. नकार थोडक्यात द्यावा. ‘आज माझा दिवस नाही’, ‘साखर वाढली आहे, डॉक्टरांनी थांबवले आहे’, ‘मला पुढे गाडी चालवायची आहे’, यातले जे खरे असेल ते एकदा सांगून विषय बदलावा. लांबलेल्या स्पष्टीकरणातून आग्रहाला जागा मिळते. उशिरा जावे, जेवण वाढले की पहिल्या पंगतीला बसावे.

श्रावणात महिनाभर न पिणारी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि हा महिना रोज पिणाऱ्याला फार मोलाची माहिती देतो: पहिले चार दिवस कसे गेले, झोप कधी सुधारली, कोणत्या संध्याकाळी जड गेले. ही माहिती वहीत यावी. पण आषाढ अमावास्येच्या गटारीला आगाऊ भरपाई आणि श्रावण संपताच मागची वसुली, असे होत असेल, तर शरीराला त्याचा फायदा थोडाच मिळतो. महिनाभर थांबल्यावर सहनशक्ती उतरलेली असते, म्हणून पुन्हा सुरुवात करायचीच असेल, तर जुन्या प्रमाणाने करू नये.

घरच्यांची भूमिका

घरातल्या एका माणसाला आपला आकडा आणि कोरडे दिवस सांगावेत. त्या व्यक्तीने बाटल्या तपासू नयेत, तोंडाचा वास घेऊ नये आणि चारचौघांत विषय काढू नये; आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वही सोबत पाहावी एवढेच पुरे. सहाचे खाणे आणि आठचे जेवण यांची जबाबदारी मात्र फक्त पत्नीवर ढकलू नये, कारण पिणे कमी करायचे आहे ते पिणाऱ्याला.

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. चहात किंवा भाजीत लपवून औषध देणे अत्यंत धोकादायक आहे. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि ते रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दारू पूर्ण बंद ठेवणाऱ्यालाच द्यायचे असते.

ठरलेले मोडले तर

मोडेल. एखाद्या लग्नात, एखाद्या वाईट बातमीच्या रात्री आकडा ओलांडला जाईल. एकदा मोडले म्हणजे सगळेच गेले, असे मानून त्याच रात्री आणखी तीन पेग घेणे, यात पहिल्या पेगापेक्षा अधिक नुकसान आहे. किती झाली ते वहीत लिहावे, कशामुळे झाली ते लिहावे, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच आकड्यावर परतावे.

तीन महिन्यांनी मात्र वही उघडून निर्णय घ्यावा. बारा आठवड्यांपैकी निम्म्याहून अधिक आठवडे मर्यादा ओलांडलेली असेल, कोरड्या दिवशी दिवसभर दुसऱ्या दिवसाच्याच पेगाचा विचार होत असेल, किंवा वहीतला आकडा खोटा लिहावासा वाटू लागला असेल, तर मर्यादेचा प्रयोग आपल्यासाठी नाही असे समजून पूर्ण सोडण्याकडे वळावे. पुष्कळांना रोजच्या वादापेक्षा पूर्ण बंदी सोपी जाते, आणि त्यात कमीपणा नाही.

त्यासाठी मदत जवळ आहे. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करते, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी सभा राज्यातील अनेक शहरांत होतात. नाल्ट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधे मानसोपचारतज्ज्ञ यकृत व मूत्रपिंडाची तपासणी करून देतात. पहिल्या भेटीला जाताना तीन महिन्यांची वही आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. घरचे कुणी बरोबर आले तर उत्तम. त्या दिवशी पिऊन जाऊ नये, पण न घेतल्यास हात थरथरत असतील, तर आदल्या दिवशीच फोन करून तसे सांगावे आणि डॉक्टर म्हणतील त्याप्रमाणे करावे.